एक टक्का चढी पट्टी

एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आमचं श्रवण मंडळ भरतं. चाळीसेक सभासद, त्यातले निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि मग चहा घेत तासभर त्यावर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. मंडळ सुरू करणारे आमचे ज्येष्ठ सभासद गेले, तेव्हा त्यांच्या मुलीने घरातली ६२ रिळं मंडळाच्या हवाली केली. सत्तरच्या दशकात पुण्यात घराघरांत झालेल्या खासगी बैठकी त्यात आहेत. घरगुती टेपरेकॉर्डरवर, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर या वेगाने भरलेल्या. यातलं बरंचसं गाणं दुसरीकडे कुठेही नाही. एकदा टेपवरचा थर उडाला की ते कायमचं गेलं.

मी बावीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, त्यामुळे रिळांचं डिजिटायझेशन कुणाकडून करून घ्यायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. पर्याय दोन होते. एक व्यावसायिक स्टुडिओ, देखणी यंत्रं, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा), आणि सगळ्या रिळांचा खर्च सव्वा लाखाच्या घरात. दुसरा पर्याय म्हणजे आमच्या खजिनदारांचा भाचा. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याने भंगारातून एक स्पूल मशीन उचललं, तपकीर गल्लीत चकरा मारून सुटे भाग जमवले आणि ते चालू केलं. त्याचं मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तो फक्त सामानाचा खर्च मागत होता. एकच रीळ नमुना म्हणून आधी स्टुडिओकडे आणि मग भाच्याकडे दिलं. दोघांच्या प्रती आल्या.

त्या महिन्याच्या बैठकीत दोन्ही प्रती सगळ्यांना ऐकवल्या, आणि पहिली चूक तिथेच झाली.

आधी स्टुडिओची प्रत लावली, कोणाची ते सांगून. बारा मिनिटं झाली तेव्हा अध्यक्षकाका म्हणाले, "आवाज भरीव आहे." मग भाच्याची. दोन मिनिटांतच मागून कुणीतरी म्हणालं, "जरा पोकळ वाटतंय, नाही का?" त्यानंतर ओघच लागला. पहिल्या प्रतीत तंबोऱ्याची जवारी सुटी कळते. पहिल्यात गवयाचा श्वास ऐकू येतो. दुसरीत तबल्याचा बायां दबलाय. हात वर झाले तेव्हा भाच्याच्या बाजूने तिघंच होते. मीही स्टुडिओच्याच बाजूने हात वर केला. मला खरोखरच तो आवाज जास्त मोकळा वाटला होता, आणि हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे. बावीस वर्षांचा सराव असलेला कानही त्या हॉलमध्ये इतर सगळ्यांबरोबरच वाहत गेला.

आपल्याकडे ऐकणं ही एकट्याने करायची गोष्ट कधीच नव्हती. बैठकीत पुढे बसलेल्या जाणत्याने समेवर मान डोलावली की मागच्या नवख्याला कळतं, इथे काहीतरी झालं. मी गाणं ऐकायला असाच शिकलो. दुसऱ्याच्या "वा" मुळे माझा कान उघडला आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. दाद ही संसर्गाने पसरते, तशीच पसरायला हवी. पण दोन प्रतींमध्ये निवड करायची असते तेव्हा हाच गुण उलटतो. अध्यक्षकाका पहिलं वाक्य बोलले, त्या क्षणानंतर हॉलमध्ये चाळीस स्वतंत्र मतं उरली नव्हती. एकच मत होतं, ते चाळीस तोंडांतून येत होतं.

घरी येऊन मी दोन्ही फाइली उघडल्या. स्टुडिओची प्रत १.८ डेसिबलने मोठी होती.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण आवाजाच्या दर्जाबद्दलच्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे आहे. दोन आवाजांत दहा डेसिबलचा फरक असेल तर कुणीही सांगेल की हा मोठा, तो लहान. फरक एक-दीड डेसिबलचा असेल तर बहुतेकांना तो "मोठा" म्हणून कळतच नाही. तो "भरीव", "स्पष्ट", "जवळचा", "मोकळा" असा कळतो. याचं एक कारण कानाच्या रचनेतच आहे. आवाजाची पातळी वाढली की खर्जाकडचे स्वर कानाला प्रमाणाबाहेर जास्त जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली काढलेल्या आलेखांत हे दिसतं आणि पुढच्या मोजमापांनीही त्याला दुजोरा दिला. म्हणून दोन गोष्टींची तुलना करायची तर पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवून घ्यावी लागते. हे मला माहीत होतं. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवतो. तरी त्या रविवारी मी ते केलं नाही, कारण ती मला परीक्षा वाटलीच नव्हती, आपल्याच माणसांतली बैठक वाटली होती.

कार्यकारिणीला मी कळवलं की मत पुन्हा घ्यावं लागेल, या वेळी झाकून, म्हणजे कोणती प्रत कोणाची ते न सांगता. दोन सभासदांना हे रुचलं नाही. एकांनी मला फोन करून सांगितलं, "अहो, पन्नास वर्षं गाणं ऐकतोय आम्ही. आमची परीक्षा कसली घेता?" त्यांचं वाईट वाटणं मला समजलं. मी त्यांना व्हायोलिनची गोष्ट सांगितली. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ कसलेल्या व्हायोलिनवादकांना सहा वाद्यं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी, आणि जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस. वादकांनी वेल्डिंगचे काळे गॉगल लावले होते. हनुवटीखालच्या भागाला अत्तराचा थेंब लावला होता, म्हणजे जुन्या लाकडाचा वास येऊन ओळख पटायला नको. सर्वांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. या वादकांचे कान कच्चे होते असं कुणीच म्हणणार नाही. नाव आणि किंमत कळली की ती कानापर्यंत पोचतेच, कान कितीही तयार असला तरी.

पहिली ब्लाइंड टेस्ट मीच बिघडवली. हॉलच्या एका कोपऱ्यात दोरीवर चादर लावली, चादरीमागे टेबलावर दोन लॅपटॉप ठेवले, एकावर एक प्रत, दुसऱ्यावर दुसरी. पातळी जुळवली होती. दर वेळी नाणं उडवायचं, पडेल ती प्रत लावायची, आणि समोरच्यांनी चिठ्ठीवर "पहिली" किंवा "दुसरी" लिहायचं. असं दहा वेळा. चिठ्ठ्या मोजल्या तर बहुतेकांची पाच-सहा उत्तरं बरोबर. एका मावशींची मात्र दहाच्या दहा. त्या निवृत्त मराठी शिक्षिका आहेत, आणि बोलण्यातली एक मात्रा इकडची तिकडे झाली तरी त्यांना कळते. टाळ्या वाजल्या. मी चहाच्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "नेमकं काय ऐकलंत?"

त्या म्हणाल्या, "एका प्रतीत सुरुवातीला तबल्यावर हातोडी पडते. दुसरीत ती कापलीय. आणि ती दुसरी लावताना तुम्ही खुर्ची सरकवता."

तबलजी तबला मिळवत असताना गठ्ठ्यावर बसलेला हातोडीचा एक ठोका, जेमतेम पाव सेकंदाचा. तो भाच्याच्या प्रतीत होता. स्टुडिओने सुरुवात नीटनेटकी करताना कापून टाकला होता. आणि स्टुडिओच्या प्रतीचा लॅपटॉप टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होता, म्हणून मी खुर्ची ओढत होतो. मावशींनी सांगितलेलं सगळं खरं होतं. फक्त त्याचा आवाजाच्या दर्जाशी काही संबंध नव्हता.

बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याची कथा आमच्या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते ती याचसाठी. हा घोडा खुराने ठोके देऊन बेरजा-वजाबाक्या सोडवतो अशी ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की घोडा गणित करत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याकडे बघत होता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नसे. फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. तसंच माझं झालं. उत्तर माहीत असलेला माणूस त्या खोलीत असणं हीच खोट होती. त्यामुळे पुढच्या वेळी मला तिथून बाहेर पडणं भाग होतं.

तयारीला तीन आठवडे लागले. भाच्याने आणि मी मिळून वीस-वीस सेकंदांचे चार तुकडे निवडले: नुसता तंबोरा आणि आलापाची सुरुवात, विलंबितातला एक मुखडा, पेटीने गायकाच्या मागे जाण्याची एक जागा, आणि द्रुतातली तान. दोन्ही प्रतींतला प्रत्येक तुकडा त्याच अक्षरावर सुरू केला. पातळी ०.१ डेसिबलच्या आत आणली. भाच्याची ४८ किलोहर्ट्झची फाइल ९६ मध्ये बदलून घेतली, म्हणजे एका प्रतीवरून दुसरीवर जाताना यंत्र "टक" असा आवाज करून चुगली करणार नाही. हॉल आणि चादर बाद. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक लॅपटॉप, एक चांगला हेडफोन आणि एका वेळी एकच माणूस. दाद द्यायला किंवा घ्यायला शेजारी कुणी नाही.

पद्धत एबीएक्स नावाची, तिचं मूळ १९५० साली बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांच्या कामात आहे. 'ए' ही एक प्रत, 'बी' ही दुसरी. 'एक्स' ही या दोहोंपैकीच एक, पण कोणती ते संगणक दर वेळी स्वतः ठरवतो आणि कुणालाच सांगत नाही. ऐकणाऱ्याने तिन्ही हवी तितकी वेळा, हव्या त्या क्रमाने ऐकायची आणि एक्स कोण ते सांगायचं. फूबार२००० या मोफत प्लेयरला एक पूरक भाग जोडला की ही सोय मिळते. कुठली प्रत चांगली हा प्रश्न इथे विचारलाच जात नाही. त्याच्या आधीचा प्रश्न विचारला जातो: फरक कळतो का? माझ्या मते हाच प्रश्न आधी विचारायचा असतो. फरकच कळत नसेल तर आवडीनिवडीची चर्चा कशावर करायची?

नऊ जण तयार झाले, वय १९ ते ८३. प्रत्येकी १६ फेऱ्या, आठ-आठ अशा दोन रविवारी, म्हणजे कान थकायला नको. नुसत्या अंदाजाने १६ पैकी सरासरी आठ बरोबर येतात. १२ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे २६ मध्ये एक. म्हणून १२ हा उंबरठा आधीच कागदावर लिहून सही केली. निकाल पाहून उंबरठा ठरवला तर त्याला अर्थ राहत नाही.

ज्यांना घड्याळ लावून ऐकणं जमत नाही अशांचा आक्षेप मला योग्य वाटला होता. गाणं अंगात मुरायला वेळ लागतो हे खरंच आहे. म्हणून याच नऊ जणांना आधी दोन-दोन पेन ड्राइव्ह घरी दिले होते, काळे, सारखे, 'क' आणि 'ख' एवढंच लिहिलेले. कुणाच्या 'क' मध्ये स्टुडिओ, कुणाच्या 'क' मध्ये भाचा. ती यादी पाकिटात बंद. दोन आठवडे घरी, आपल्या खुर्चीत, आपल्या वेळेला ऐका आणि कुठली आवडली ते लिहा. झाकून ऐकायचं म्हणजे घाईत ऐकायचं असं मुळीच नाही. पाच जणांना भाच्याची प्रत आवडली, चौघांना स्टुडिओची. अध्यक्षकाकांनी ज्या प्रतीसमोर "भरीव" लिहिलं होतं ती भाच्याची निघाली. पाकीट उघडल्यावर ते बराच वेळ तो कागद हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "मग त्या दिवशी मी कुणाचं ऐकत होतो?" मला वाटतं या सगळ्या खटाटोपातलं ते सर्वांत प्रामाणिक वाक्य होतं.

एबीएक्सचा निकाल असा. सात जण ६ ते १० च्या दरम्यान, म्हणजे अंदाजच. मावशींचे १२. आणि पेटीवाल्या काकांचे १६ पैकी १६.

मावशींच्या बारावर आधी बोलायला हवं. उंबरठा पार झाला म्हणून मी आनंदलो होतो, पण भाच्याने वहीत गणित मांडलं. एकाच माणसाने १६ फेऱ्या केल्या तर योगायोगाने १२ किंवा जास्त येण्याची शक्यता सव्वीसात एक. नऊ जण बसले तर त्यातल्या निदान एकाला तरी योगायोगाने १२ किंवा जास्त मिळण्याची शक्यता जवळपास ३० टक्के. म्हणजे हे अजिबात नवल नाही. मावशींना विचारलं, त्यांनी आनंदाने पुन्हा १६ फेऱ्या केल्या. सात बरोबर.

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती लोक विसरतात. समजा एखाद्याला बारीकसा फरक खरोखर जाणवतो आणि त्याची शंभरात साठ उत्तरं बरोबर येतात. असा माणूस १६ फेऱ्यांत १२ चा उंबरठा सहापैकी एकदाच ओलांडेल. म्हणजे "सात जण नापास" यावरून "फरक नाही" हे सिद्ध होत नाही. फरक असलाच तर तो लहान आहे, वीस सेकंदांच्या या चार तुकड्यांत या सात जणांना भरवशाने पकडता आला नाही, एवढंच म्हणता येतं. सव्वा लाख रुपये खर्च करायचे की नाहीत हे ठरवायला मात्र तेवढं पुरेसं होतं.

आणि आता काका. १६ पैकी १६ योगायोगाने येण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. ते चाळीस वर्षं संगतीला पेटी वाजवतात, शिकवतात, स्वर लावून देण्याचं कामही करत. वय ८३. वरच्या पट्ट्यातलं ऐकणं या वयात बरंच गेलेलं असतं. आठ-दहा हजार हर्ट्झच्या पुढचं काही त्यांना ऐकू येत असेल असं मला वाटत नाही. मी विचारलं, "काका, कशावरून ओळखलंत? आवाजाचा पोत?"

"पोत-बित मला नाही कळत," ते म्हणाले. "एकात सा चढा आहे. फार नाही. पण पेटी धरून बसलो असतो तर मला बोट ठेवायला जागा सापडली नसती."

भाचा तिथेच होता. त्याने दोन्ही मूळ फाइली उघडल्या आणि दोन खुणा शोधल्या ज्या दोन्हींत होत्या: सुरुवातीजवळ कुणाचं तरी खोकणं आणि शेवटी भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज. स्टुडिओच्या प्रतीत या दोन खुणांमधलं अंतर ३१ मिनिटं २९ सेकंद. त्याच्या प्रतीत ३१ मिनिटं १० सेकंद. एक टक्क्याचा फरक. सुरुवात आणि शेवट दोघांनी वेगवेगळ्या जागी कापल्यामुळे फाइलींच्या एकूण लांबीवरून हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. वीस सेकंदांच्या तुकड्यात तो जेमतेम सेकंदाच्या पाचव्या भागाइतका होतो. पण स्वरात एक टक्का म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा साधारण सहावा हिस्सा. एवढा फरक काकांनी १६ पैकी १६ वेळा पकडला.

एक प्रत चढी की दुसरी उतरी, हे कसं ठरवायचं? टेपवर मेन्सची, म्हणजे वीजपुरवठ्याची, बारीक घरघर होती. तिची वारंवारता ५० हर्ट्झ असायला हवी, पण त्या काळी ग्रिडची वारंवारताच बऱ्यापैकी हलती असे, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवला नाही. त्यापेक्षा सोपा उपाय केला. बंगल्याच्या व्हरांड्यात स्टीलची मापपट्टी अंथरून कोऱ्या टेपचा ११ मीटर ४३ सेंटिमीटरचा तुकडा मोजला आणि दोन्ही टोकांना पांढरी लीडर टेप जोडली. साडेनऊचा वेग म्हणजे नेमका ९.५२५, आणि त्या वेगाने हा तुकडा बरोबर १२० सेकंदांत जायला हवा. भाच्याच्या मशीनवर पाच वेळा चालवला. सरासरी ११८.८.

कारण सापडायला एक संध्याकाळ गेली. मोटरची फिरकी आणि फ्लायव्हील यांना जोडणारा रबरी बेल्ट जुना होऊन ताणला होता, म्हणून त्याने नवा घेतला. मूळचा मिळाला नाही, दुकानात होता त्यातला सर्वांत जवळचा घेतला. तो किंचित जाड होता. जाड बेल्ट फिरकीवर बसला की तिचा व्यास वाढल्यासारखं होतं. मोठ्या चाकाला जाडीचा फरक नगण्य, पण मोटरची फिरकी लहान, तिला तोच फरक भरपूर, आणि मशीन वेगात चालतं. भाच्याने बोटाच्या चिमटीत दोन्ही बेल्ट धरून मला दाखवले. नखाला जाणवत होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं.

पहिल्या रविवारच्या उघड बैठकीत काकाही होते. तेव्हा ते पट्टीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना नंतर विचारलं तर म्हणाले की दोन प्रतींच्या मध्ये एवढी चर्चा झाली की पहिला सा कानात राहिलाच नाही, आणि सगळे आवाजाबद्दल बोलत होते म्हणून तेही आवाजच ऐकत होते. मला हे या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पूर्वग्रहामुळे नसलेला फरक ऐकू येतो हे आपण नेहमी बोलतो. इथे पूर्वग्रहाने असलेला फरक झाकला. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० जणांना चार लाउडस्पीकर पडद्याआडून आणि उघड्यावर असे दोन्ही प्रकारे ऐकवले होते. उघड्यावर ऐकताना महागड्या, दिमाखदार स्पीकरांचे गुण वाढले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. स्पीकर खोलीत एका जागेवरून दुसरीकडे हलवला की आवाज खरोखर बदलतो. तो बदल पडद्याआड ऐकणाऱ्यांना कळत होता, आणि समोर स्पीकर बघणारे त्याकडे फारसं लक्षच देत नव्हते. डोळ्यांनी मत बनवलेलं असलं की कान काम कमी करतो. आमच्या हॉलमध्ये चाळीस जण जवारी आणि श्वास यांबद्दल बोलत होते, आणि एक टक्का चढी पट्टी सगळ्यांसमोरून निघून गेली.

स्टुडिओवर यात काही ठपका नाही. त्यांचा वेग बरोबर होता. पण त्यांची प्रत चांगली का, याची आम्ही दिलेली सगळी कारणं चुकीची होती, आणि खरं कारण आम्ही दिलंच नव्हतं.

सॉफ्टवेअरने भाच्याची प्रत एक टक्का हळू करून काकांना पुन्हा बसवलं. १६ पैकी ९. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता नाही कळत. आता दोन्ही एकच."

९६ आणि ४८ च्या वादात मी फार शिरत नाही. अशा टेपवर, अशा घरगुती यंत्रांवर, वरच्या टोकाचं जे काही आहे ते ४८ मध्ये सहज मावतं. शिवाय मेयर आणि मोरान यांनी २००७ साली उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज थेट आणि सीडीच्या दर्जातून गाळून असा ऐकवला, तेव्हा ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरं बरोबर आली होती, म्हणजे जवळजवळ नेमकी निम्मी. आमच्या कार्यकारिणीला हा एक आकडा पुरला.

ठरलं असं की साधी रिळं भाच्याने करायची, बारीक बेल्ट मिळवून आणि वेग तपासून. ज्या सात रिळांवर बुरशी आहे किंवा थर सुटतो आहे ती मात्र स्टुडिओला द्यायची, कारण तिथे यंत्रापेक्षा हाताळणाऱ्याचा अनुभव जास्त लागतो आणि तो त्यांच्याकडे आहे. रिळं देणाऱ्या ताईंना हे कळवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, बाबांनी हातोडीचे ठोके वगैरे मुद्दाम ठेवले होते, ते कापणार नाही ना? नाही कापणार, असं लिहून दिलं.

योग्य जाडीचा बेल्ट तिसऱ्या फेरीत मिळाला. आता प्रत्येक रिळाच्या नोंदवहीत 'वेग' हा रकाना आहे. रीळ लावण्यापूर्वी भाचा आधी तो ११ मीटर ४३ चा तुकडा चालवतो आणि सेकंद लिहितो. काल एकोणिसावं रीळ झालं. रकान्यात १२०.१ आहे, आणि त्यापुढे काकांची बारीक अक्षरातली सही, कारण पहिली पाच मिनिटं तेही ऐकतात, पेटी मांडीवर घेऊन.